सक्तीचा रविवार

मला रविवार आवडत नाही. आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण लोकांच्या मागे लागून त्यांना सुट्टी घ्यायला लावणं हीच माझी नोकरी. सिल्वासाच्या एका सुताच्या कारखान्यात मी कामगार-कल्याण बघते. सूत कापसाचं नव्हे, पॉलिएस्टरचं. यंत्रं चोवीस तास फिरतात आणि त्यांच्यापाठोपाठ माणसंही फिरतात. त्या माणसांनी वेळेवर जेवावं, झोपावं, घरच्यांकडे बघावं, यासाठी मला पगार मिळतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्यासारख्या कुणाकडे तरी बघूनच सुचलं असणार.

मी मूळची नाशिकची. लग्न केलं नाही. का नाही, ती कहाणी वेगळी आणि तिच्यात काही दमही नाही. आई-वडील गेले. भाऊ पुण्यात असतो, दिवाळीला फोन करून 'ये ना गं इकडे' म्हणतो, कधी येतेस ते मात्र विचारत नाही. सिल्वासातच, डोकमर्डी भागात, दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. सोमवार ते शनिवार मी ठणठणीत असते, दहा जणांवर ओरडते, वीस जणांचं ऐकते. रविवारी सकाळी दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटरच' म्हणून झालं, की सोमवारी गेटवरच्या वॉचमनशी बोलेपर्यंत माझा आवाज माझ्या कानावर पडत नाही. एकदा तर मी कुरियरवाल्याशी उगाच भांडले. पार्सल बरोबर होतं, वेळेवर होतं. मी म्हटलं, खोका चेपलाय. तो बिचारा पाच मिनिटं हुज्जत घालत उभा राहिला आणि त्या पाच मिनिटांवर माझा तो रविवार निघाला. हसा हवं तर.

आता मूळ गोष्ट. आमच्या कारखान्यात एक जुनी रीत होती. निम्मे कामगार खानदेशातले. घर इतकं लांब, की एका दिवसाची सुट्टी त्यांच्या काही कामाची नाही. इथून वापी, वापीहून सुरत, सुरतेहून भुसावळकडची गाडी, आणि स्टेशनावर उतरून पुढे रिक्षात कोंबून घेऊन गाव. जाण्यातच दिवस संपतो. म्हणून ही माणसं आठवड्याची सुट्टी घ्यायचीच नाहीत. सगळे रविवार काम करायचे, सुपरवायझर आपल्या वहीत खूण करायचा, आणि महिनाअखेरीला चार सुट्ट्या एकगठ्ठा घेऊन गावी जायचे. परत आले की डोळे तांबारलेले, हातात लोणच्याची बरणी, आणि चेहरा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ. मी हे कित्येक वर्षं बघत होते. बघत होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

मग परदेशी गिऱ्हाइकाकडून तपासणीला माणसं आली. त्यांनी हजेरी बघितली आणि त्यांचे डोळे कपाळात गेले. सव्वीस-सव्वीस दिवस सलग काम! मॅनेजर साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब माणूस वाईट नाही, फक्त त्यांना कुठलाही कागद एका मिनिटापेक्षा जास्त वाचवत नाही. म्हणाले, "बाई, हे तुमचं खातं. काहीतरी आरोग्याचं करा. नियम करा, पोस्टर लावा."

मी केलं. आणि उगाच खोटं कशाला बोलू, मनापासून केलं. सलग उभं राहून सुजलेले पाय मी बघितले होते. बॉबिन उतरवता उतरवता डुलकी लागून यंत्राच्या दांड्यावर डोकं आपटलेला माणूस बघितला होता. म्हणून मी नियम असा लिहिला की त्यातून मुंगीही बाहेर पडू नये. आठवड्याची सुट्टी सक्तीची. साठवता येणार नाही. सुट्टीच्या दिवशी कार्ड लावलं तर गेट उघडणारच नाही. फारच अडचण असेल, सलग रजा लागणारच असेल, त्याने अर्ज करावा, माझी शिफारस आणि साहेबांची सही लागेल. दिवाळी होऊन महिना झाला आणि नियम लागू झाला. जेवणघरात पोस्टर लागलं. समुद्रकिनारी नवरा-बायको आणि दोन गोंडस पोरं धावताहेत, नवऱ्याच्या डोक्यावर गोल टोपी, खाली ओळ: 'काम कामाच्या जागी, घर घराच्या जागी'. ओळ माझी. मला तेव्हा ती भारी वाटली होती.

तिसऱ्या दिवशी तो आला. बॉबिन उतरवणाऱ्यांपैकी एक, पस्तिशीचा, अमळनेरच्या पुढचा. दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, माझे रविवार बंद नका करू."

"अहो, बंद कुठे केले? दिले तुम्हाला! विश्रांती घ्या. घरच्यांना वेळ द्या."

"घरचे इकडे कुठे आहेत, मॅडम?"

मी त्याला बसवलं आणि पोस्टरातलं सगळं ज्ञान पाजलं. रक्तदाब, झोप, मन, शरीर. त्याने मान खाली घालून ऐकलं. माझं संपल्यावर त्याने त्याचं सांगितलं. गावी बायको आणि आई. आईला विसरण्याचा आजार झालेला. धुळ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, आजार जाणार नाही, पण माणसांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे येत राहू द्या, तेवढीच ती धरून राहील. म्हणून तो दर महिन्याला चार दिवस जात होता, एकही महिना चुकवला नव्हता.

"पहिला दिवस ती नुसती बघते," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी ओळखते. तिसऱ्या दिवशी शिव्या देते, इतके दिवस कुठे मेला होतास म्हणून. शिव्या दिल्या की समजायचं, माय आली जाग्यावर. मग चौथ्या दिवशी मी निघतो."

"व्हिडिओ कॉल करा ना रोज," मी म्हटलं. बघा, किती सोपं असतं दुसऱ्याचं.

"करतो. ती फोनशी बोलते, मॅडम. माझ्याशी नाही बोलत."

मी म्हटलं, लेखी अर्ज द्या. त्याने तिथेच बसून दिला. अक्षर मोठं, गोल, शाळेतल्या पोरासारखं. मी तो वाचला, गलबलले, खरंच गलबलले, आणि 'साहेबांकडे पाठवते' म्हणून टेबलाच्या वरच्या खणात ठेवला. साहेब त्या आठवड्यात खरोखरच दौऱ्यावर होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचे आठवडे ते इथेच होते.

त्याच रविवारी संध्याकाळी मी भाजी आणायला उतरले तर हा बाबा रस्त्यालगतच्या कट्ट्यावर बसलेला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, आणि मांडीवर दोन्ही हात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा मोजत असल्यासारखा.

"काय हो, इथे काय करताय? विश्रांती घ्या म्हटलं ना?"

"कुठे घेऊ?" त्याने विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

तेव्हा मला कळलं. एका खोलीत सहा माणसं आणि खाटा तीन. एका खाटेला दोन मालक. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा येऊन त्याच खाटेवर झोपणार. रोजचं हे गणित नीट बसलेलं. आता माझ्या नियमाने रविवारी ज्याला सुट्टी, त्याने दिवसा जायचं कुठे? त्याच्या खाटेवर दुसरा घोरतोय. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, स्टोव्ह पेटवायचा नाही, त्याची झोप मोडते. म्हणून हा सकाळी सातला अंघोळ करून बाहेर पडला होता तो संध्याकाळपर्यंत बाहेरच. आधी नदीकाठी बसला, मग बसस्टँडवर, मग इथे. जेवलात का, विचारलं तर म्हणाला, "वडापाव खाल्ला." मला माझीच लाज वाटली. मुंगी बाहेर पडू नये म्हणून नियम केला होता, आणि माणूसच रस्त्यावर आला होता.

"चला, चहा घ्या," मी म्हटलं.

तो आधी नको नको म्हणाला. मग आला. दाराशी चपला इतक्या कडेला काढल्या, जणू त्या चपलांनी माझी फरशी दुखेल. चहा प्याला आणि पाच मिनिटांत माझा नळ का ठिबकतो ते बघून वायसर बदलायला हवा म्हणाला. पुढच्या रविवारी वायसर घेऊन आला. नळ झाला. त्याच्या पुढच्या रविवारी वांगी घेऊन आला. हिवाळा होता, आणि खानदेशातला माणूस हिवाळ्यात वांग्याच्या भरताशिवाय राहिला तर त्याला अजीर्ण होतं म्हणे. माझ्या गॅसवर त्याने वांगी भाजली, घरभर धूर केला, आणि "ताई, तुमच्याकडे हे कुटायला काहीच नाही का?" म्हणून मलाच दटावलं. शेवटी वरणाच्या रवीने कुटलं. मी त्याला म्हटलं, "नाशिकच्या बाईच्या घरात येऊन तू स्वयंपाक शिकवणार?" तर म्हणाला, "नाशिकवाल्यांना फक्त द्राक्षं धुता येतात, ताई." इतकी हसले मी, की खालच्या मजल्यावरच्या गुजराती बाईने दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारलं, "भाई आव्या छे?" मी म्हटलं, हो, भाऊ आलाय.

आणि मला ते म्हणताना काय वाटलं ते कसं सांगू? शुक्रवारपासूनच मी रविवारची भाजी ठरवायला लागले. त्याच्या आवडीच्या खानदेशी वरण-बट्ट्यांसाठी जाडसर कणीक दळून आणली. दोन ताटं घासून वर काढली. माझ्याकडे सहा होती, इतकी वर्षं एकच वापरत होते. तो सकाळी दहाच्या सुमाराला यायचा, जेवायचा, दुपारी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर गाढ झोपायचा. दार सताड उघडं असायचं, शेजारी काय म्हणतील म्हणून, आणि मी आत पेपर वाचत बसायचे. वाचत कसली, दुसऱ्या खोलीत कुणीतरी श्वास घेतंय हे ऐकत बसायचे. रविवारी दुपारी घरात दुसऱ्या माणसाचा श्वास! ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांना यात काय मोठंसं, असं वाटेल. वाटू दे.

एकदा आम्ही जवळच्या वासोण्याला, तिथल्या अभयारण्यात सिंह बघायला गेलो. जाळीच्या बसमधून नेतात. सगळी बस श्वास रोखून बसलेली, पोरं खिडकीला चिकटलेली, आणि सिंह महाशय झाडाखाली कुशीवर पडलेले. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी कान हलवला नाही. हा माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "ताई, याला पण सक्तीची सुट्टी दिली का तुम्ही?" हसू आवरेना इतकी मी हसले. परतताना रिक्षात मात्र तो तिकिटाच्या घड्या घालत बसला. मग म्हणाला, "माझ्या अर्जाचं काय झालं, ताई?"

"साहेबांकडे आहे," मी म्हटलं. "अडकलाय जरा."

अर्ज माझ्या खणात होता. वरच्या, कुलूप न लावलेल्या खणात, स्टेपलरच्या खाली.

पहिल्या दोन आठवड्यांत मी खरंच विसरले असेन. त्यानंतर नाही. त्यानंतर मी रोज खण उघडताना तो कागद बघत होते. शिफारशीच्या दोन ओळी लिहायच्या आणि शिपायाच्या हाती द्यायचा, एवढंच काम. रोज म्हणायचे, उद्या. मनाला समजवायला माझ्याकडे कारणांची काय कमी? एकाला दिली तर शंभर मागतील. तपासणीवाले परत येतील. त्याच्या तब्येतीला ही विश्रांती बरीच आहे. हे शेवटचं तर मी सिद्धही केलं. महिन्याच्या आरोग्य-तपासणीत त्याचं वजन वाढलेलं निघालं, रक्तदाब उत्तम. मीटिंगमध्ये मी उभी राहून, नाव न घेता, त्याचं उदाहरण दिलं. म्हटलं, बघा, सक्तीच्या सुट्टीचा परिणाम. साहेबांनी टाळी वाजवली. वजन माझ्या बट्ट्यांनी वाढलं होतं, आणि मी टाळ्या घेत होते. निर्लज्जपणाला काही सीमा?

खरं कारण एकच होतं आणि ते मला ठाऊक होतं. अर्ज मंजूर झाला की हा रविवारी काम करणार आणि महिनाअखेरीला गावी जाणार. म्हणजे माझे चारही रविवार गेले. मला ते नको होतं. तो मला हवा होता, त्या सतरंजीवर, त्या घोरण्यासकट. मी कुणाची आई तोडत होते, हे कळत असून हवा होता.

तो विचारायचा कमी झाला. आधी दर रविवारी विचारायचा, मग एक आड एक, मग नुसताच माझ्याकडे बघायचा. चिडला असता तर मी चिडून उत्तर तरी दिलं असतं. पण तो चिडणाऱ्यातला नव्हता.

अकराव्या रविवारी तो माझ्या ओट्याशी कांदा चिरत होता आणि त्याच्या बायकोचा फोन आला. हात भरलेले, म्हणून त्याने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. ती पलीकडून म्हणाली, "ताई आहेत का तिथे? मला बोलायचंय."

मी म्हटलं, "बोल गं."

"ताई, आमच्या माणसाला दर रविवारी जेऊ घालता तुम्ही. मला इथे दोन घास सुखाचे लागतात. तुमचे उपकार कसे फेडू?" आणि पुढे, "सासूबाईंनी काल त्यांचा फोटो बघितला, भिंतीवरचा. मला विचारलं, हा कोण गं? मी म्हटलं, येणार आहे पुढच्या महिन्यात, मग कळेल तुम्हाला. येतील ना ते पुढच्या महिन्यात?"

तो चिरायचा थांबला. माझ्याकडे बघेना, कांद्याकडे बघत राहिला. मी काय बोलले मला आठवत नाही. येईल, असंच काहीतरी. जेवताना मी ताट नुसतं चिवडत बसले, आणि तो म्हणाला, "ताई, तिखट झालं का?"

सोमवारी सकाळी मी पर्सही खाली ठेवायच्या आधी खण उघडला, दोन ओळी लिहिल्या आणि कागद घेऊन स्वतः साहेबांकडे गेले. साहेबांनी वाचलासुद्धा नाही. सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि मग वरची तारीख त्यांच्या नजरेला पडली.

"दिवाळीनंतरचा अर्ज? मग इतके दिवस का नाही आणलात? माझी काय हरकत होती?"

मी म्हटलं, "राहून गेला." आणि तिथल्या तिथे नियम बदलायचंही बोलून घेतलं. ज्यांचं घर लांब, त्यांना सुट्ट्या जोडून घेता येतील, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन, तपासणीवाल्यांनाही चालेल अशा बेताने. साहेब म्हणाले, "कागद नीट बसवा म्हणजे झालं." झालं. अकरा आठवड्यांचं काम चहाचा कप संपायच्या आत झालं.

पुढच्या चार सुट्ट्या आगाऊ घेऊन तो बुधवारी निघाला. सगळे होळीला जातील तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही, म्हणून आधीच. निघताना माझ्यासमोर हात जोडले. "ताई, तुमच्यामुळे झालं," म्हणाला. मला त्या वेळी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मधल्या रविवारी मी एकटीच जेवले आणि दुसरं ताट परत माळ्यावर टाकलं. घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर थांबली तरी दचकायला व्हायचं.

परत आला तो पाळीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, सामान घेऊन थेट माझ्याकडे. लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली. डोळे तांबारलेले. चेहरा मात्र दर वेळी असायचा तसा नव्हता.

"ओळखलं का रे आईने?" मी विचारलं.

त्याने पाणी मागितलं. प्याला. मग सांगायला लागला, अगदी शांतपणे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"दारात गेलो तर माय खाटेवर बसलेली. उठली. पदर सारखा केला. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, माझ्या हातात दिलं. म्हणाली, 'बसा भाऊ. कोणता गावना तुम्ही?' मी म्हटलं, माय, मी आहे. तर हसली. चांगलं हसली, पाहुण्याला हसतात तसं. दुसरा दिवस थांबलो. तिसरा थांबलो. म्हटलं, आता शिवी देईल. एक शिवी दिली नाही, ताई. फार मानाने वागवलं मला. बायकोला सांगायची, पाहुण्यांना तूप वाढ. चौथ्या दिवशी मी जवळ जाऊन बसलो, पाय दाबायला लागलो, तर पाय मागे घेतला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'तुमनी माय वाट देखत व्हई, भाऊ. घर जा आते.'"

मी उठून दिवा लावला, कारण अंधार झाला होता आणि मला काहीतरी करायला हवं होतं.

"डॉक्टरने सांगितलंच होतं, होणार म्हणून," तो म्हणाला. "आज नाही तर उद्या झालंच असतं."

झालं असतं कदाचित. आणि त्या वाक्याच्या आड मला लपता आलं असतं, जन्मभर. त्याने तर वर आणखी एक दार उघडून दिलं. मी जेव्हा म्हटलं, "तुझा अर्ज साहेबांकडे अडकला नव्हता रे. माझ्या खणात होता," तेव्हा तो लगेच म्हणाला, "विसरलात. होतं असं, ताई. तुमच्या मागे किती कामं."

"विसरले नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "रोज बघत होते मी तो कागद. तू गेला असतास तर रविवारी आला नसतास. मी पुन्हा एकटी पडले असते. म्हणून ठेवून दिला. अकरा आठवडे."

मी वाट बघत होते, की आता ओरडेल, बरणी आपटेल, निदान एक शिवी देईल. त्याने तसलं काही केलं नाही. उठला, पिशवी खांद्याला लावली, दारापाशी जाऊन कडेला काढलेल्या चपला पायात सरकवल्या. मग वळून म्हणाला, "एवढंच होतं, तर सांगायचं होतं ना. मी पाळी सुटल्यावर रोज आलो असतो."

आणि जिना उतरून गेला.